काळा प्लग आणि एकशे पंचवीसचा जेट

सलग तिसऱ्या रविवारी प्लग काळा निघाला. मी तो फडक्यात धरून उन्हाकडे केला, नीट पाहिला आणि अतुलला म्हणालो, "अजून एक नंबर खाली येऊ."

"पक्का ना, काका?"

"बावीस वर्षं प्लग बघतोय मी."

त्यावर तो बिचारा काय बोलणार? त्याने पाना माझ्या हातात दिला. मी एकशे तीसचा जेट काढला आणि एकशे पंचवीसचा बसवला. त्यानंतर अर्ध्या तासात ते पोरगं वाळूत निपचित पडलेलं होतं.

मी साळुंखे, मूळचा तासगावकडचा. फौजेच्या वर्कशॉपमध्ये मोटरसायकलींच्या कामावर होतो. शेवटचं पोस्टिंग जयपूरला झालं. पेन्शन घेऊन बाहेर पडलो तेव्हा बायको म्हणाली, मुलींच्या शाळा इथे आहेत, आता परत गाठोडी बांधायची नाहीत. मग सोडाल्यात एक शटर भाड्याने घेतलं आणि गॅरेज टाकलं. ते ऐंशीचं दशक होतं. स्कूटर म्हटली की टू-स्ट्रोकच, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. आजूबाजूचे लोक मला मिस्त्रीजी म्हणायचे. मराठी घरांतली पोरं काका म्हणायची.

अतुल वानखडे त्यांतलाच एक. त्याचे वडील बँकेत अधिकारी, अकोल्याकडचे, बदलीवर जयपूरला आलेले. तिलक नगरला राहायचे. अतुल एकुलता एक, वय बावीस, विमा कचेरीत नुकता चिकटलेला. मराठी बोलायचा, पण मध्येच गाडी हिंदीच्या रुळावर जायची. त्याच्याकडे अडीचशे सीसीची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल होती. चौमूंच्या पलीकडे वाळूच्या माळावर हौशी पोरांची एक शर्यत व्हायची आणि त्याला त्या गाडीवर तीत उतरायचं होतं. आम्ही दोघांनी मिळून गाडीचा पार कायापालट केला. मडगार्ड वर उचललं, टायर खाचांचे घातले, सायलेन्सर बदलला, सिलेंडरमधले मार्ग कानशीने रुंद केले आणि मोठा कार्ब्युरेटर बसवला.

एवढं केलं की जेट नव्याने जुळवावा लागतो. जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा. घरातल्या स्टोव्हचं निपल आठवा, तसाच. इंजिनात किती पेट्रोल जायचं ते त्या भोकावर ठरतं. नंबर मोठा तर भोक मोठं, पेट्रोल जास्त. नंबर लहान तर पेट्रोल कमी. पेट्रोल जास्त झालं तर गाडी गुदमरते, धूर सोडते, पण इंजिनाला इजा होत नाही. कमी झालं की इंजिन तापतं. पिस्टन तापून फुगतो आणि सिलेंडरमध्ये आवळून बसतो. याला आम्ही सीझ होणं म्हणतो. पेट्रोल जळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. जळण्याआधी ते इंजिनाला गारही करतं, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

जेट बरोबर आहे की नाही हे ठिणगी पाडणारा प्लग सांगतो. गाडी पूर्ण वेगात पळवायची, तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं, थांबायचं आणि प्लग काढून बघायचा. चॉकलेटी रंग म्हणजे उत्तम. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी. काळा म्हणजे जास्त. फौजेत असताना मी हे कितीतरी नव्या पोरांना शिकवलं होतं आणि त्याचा मला थोडाफार गर्व होता. थोडाफार कशाला, भरपूर होता.

पहिल्या रविवारी एकशे चाळीसच्या जेटवर प्लग असा चॉकलेटी निघाला की मी तो अतुलच्या नाकासमोर धरून नाचवला. दुसऱ्या रविवारी काळा. मागे धूरही होता. सकाळी गाडी स्टार्ट व्हायलाही नखरे करत होती. थंडीचे दिवस होते, म्हटलं असेल. एकशे पस्तीस लावला. तिसऱ्या रविवारी पुन्हा काळा. एकशे तीस लावला. दर वेळी नंबर खाली आला की गाडी पहिल्यापेक्षा हलकी पळायची, आणि अतुल येऊन म्हणायचा, "काका, अब मस्त खींच रही है." मला वाटायचं, बघा, मी म्हणत होतो ना. पेट्रोल कमी पडू लागलेली टू-स्ट्रोक मरायच्या आधी अशीच झकास पळते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण समोर काळा प्लग होता. आणि काळा प्लग खोटं बोलत नाही, असं मीच बावीस वर्षं सांगत आलो होतो.

चौथ्या रविवारी एकशे पंचवीस. शर्यतीला आठ दिवस राहिले होते.

पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीत मी त्याला हात करून सांगितलं, पूर्ण सोड. तो लांबच्या बाभळीपासून वळला आणि सरळ माझ्याकडे यायला लागला. आवाज चढत गेला. मग एकाएकी आवाजच नाही. मागचं चाक जागच्या जागी थांबलं, गाडीचं शेपूट आडवं आलं आणि अतुल हँडलवरून पुढे फेकला गेला. खांद्यावर पडला. दोन कोलांट्या खाल्ल्या. आणि मग हललाच नाही.

फौजेतला माणूस मी. पण माझे पाय जमिनीला चिकटले. खरंच सांगतो, मी किती वेळ तसा उभा होतो ते मला आजही माहीत नाही. दुधाचे कॅन घेऊन जाणारी एक जीप कच्च्या रस्त्यावर थांबली आणि तिचा ड्रायव्हर माझ्याआधी अतुलपाशी पोहोचला. त्याने हेल्मेट न काढता पोराच्या तोंडाशी हात धरला आणि मला म्हणाला, "घबराओ मत बाबूजी, सांस चाल री छै."

तेव्हा कुठे मी धावलो.

कॅन खाली उतरवून त्याने अतुलला जीपमध्ये घेतलं. चौमूं सोडेपर्यंत पोरगं शुद्धीवर आलं होतं, पण तेच तेच विचारत होतं, "गाडी ठीक आहे ना?" जयपूरच्या हॉस्पिटलात एक्स-रे निघाला. गळ्याखालचं हाड मोडलेलं, डोक्याला मार, बाकी नशीब. डॉक्टर म्हणाले, दीड महिना हात हलवायचा नाही. हेल्मेट नसतं तर आपण हे बोलत नसतो, असंही म्हणाले.

अतुलचे आईवडील आले. वानखडे साहेब थेट डॉक्टरांकडे गेले. वहिनी माझ्यापाशी थांबल्या. त्या रडत नव्हत्या. चेहरा मात्र पीठ फासल्यासारखा झाला होता. हळूच म्हणाल्या, "भाऊ, तेल कमी पडलं का हो?"

मला वाटलं, त्या माझ्यावर ठपका ठेवत आहेत. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं तेल वेगळं नसतं, पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. अतुलच्या गाडीचं पेट्रोल मीच गॅरेजमध्ये मापून मिसळायचो, वीस लिटरला एक लिटर, आणि कॅन भरून त्याच्याकडे द्यायचो. "नाही वहिनी, तेल बरोबर होतं," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच. त्यांनी मान खाली घातली आणि बाकावर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वानखडे साहेब गॅरेजवर आले. बँकेतून थेट. स्टूल दिलं तर बसले नाहीत.

"साळुंखे, कारण काय झालं?"

"साहेब, इंजिन उघडल्याशिवाय काही सांगत नाही."

"उघडा. आणि मला लेखी द्या. कारण समजलं तर गाडी राहील. नाही समजलं, तर ती मी भंगारात घालणार. अतुल काय म्हणायचं ते म्हणो." मग जाता जाता थांबून म्हणाले, "तुमच्याकडून तेल कमी पडलं असेल तर तेही लिहा. मी भांडणार नाही. पण लिहा."

सगळ्यांचा संशय तेलावरच होता. मला राग आला. पण मनात पाल चुकचुकली. तेल कमी पडलं तरी इंजिन सीझ होतं हे खरंच होतं.

माळावरून उचलून आणलेल्या गाडीचं इंजिन उघडलं. पिस्टन सिलेंडरमध्ये असा बसला होता की लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने ठोकावा लागला. बाहेर आला तो चारी बाजूंनी ओरबाडलेला. अति तापल्याच्या सगळ्या खुणा त्याच्यावर होत्या. इथपर्यंत ठीक. मग मी क्रँककेस उघडली, म्हणजे इंजिनाचं पोट. आणि हातातलं फडकं तसंच राहिलं.

आत तेलाचं थारोळं होतं. सायलेन्सर उपडा केला तर त्यातूनही तेल ठिबकलं. तेल कमी कुठलं, तिथे तेलाची दिवाळी होती. तेलात न्हालेलं इंजिन तापून सीझ झालं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं काही मी पाहिलं नव्हतं. मी खाली फरशीवर बसलो आणि काढून ठेवलेला तो प्लग पुन्हा हातात घेतला.

या वेळी मी त्याला बोट लावलं.

पेट्रोल जास्त झालं की प्लगवर जी काजळी धरते ती कोरडी असते. बोटाला पावडरीसारखी लागते. ही ओली होती. चकचकीत, चिकट, साबणाने धुतल्याशिवाय न निघणारी. हे तेलाचं काळं होतं, पेट्रोलचं नव्हतं. नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो, आधी बोट लावा, मग बोला. आणि तीन रविवार मी नुसता लांबून रंग बघत होतो. का? तर मिक्स मी स्वतः केलेलं, म्हणजे तेल चुकणार कसं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

जास्त तेल वाईट का, ते सांगतो. जेटच्या भोकातून जेवढा रस, म्हणजे तेल मिसळलेलं पेट्रोल, जायचा तेवढाच जातो. त्यात तेल वाढलं की तेवढ्या जागेतलं पेट्रोल घटतं. शिवाय तेलाने रस घट्ट होतो आणि भोकातून सावकाश उतरतो. म्हणजे तेल वाढवलं की जेट न बदलताच पेट्रोल कमी होतं. इंजिन उपाशी राहत होतं आणि तेलाची काजळी बघून मी त्याचं जेवण आणखी कापत होतो.

पण हे जादा तेल आलं कुठून? आधी मी माझंच माप तपासलं. त्या दिवशी माळावर नेलेल्या कॅनमध्ये उरलेलं अर्धा लिटर मिक्स एका परातीत ओतलं, टाकीतलं अर्धा लिटर दुसऱ्या परातीत, आणि दोन्ही गच्चीवर उन्हात ठेवल्या. पेट्रोल उडून जातं, तेल मागे राहतं. दोन दिवसांनी औषधाच्या मापाने मोजलं. कॅनचं बरोबर निघालं, जेवढं मी घातलं होतं तेवढं. टाकीचं त्याच्या दुप्पट.

मी पुन्हा मोजलं. दुप्पटच.

म्हणजे माझ्या गॅरेजमधून कॅन निघाल्यानंतर कुणीतरी टाकीत तेल ओतत होतं. पोराचं वाईट करायला कोण बसलंय? शर्यतीतला कुणी? शेजारचा कुणी? त्याच संध्याकाळी दोन्ही तेलं दोन बाटल्यांत भरली आणि तिलक नगर गाठलं.

अतुल पलंगावर उशांना टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला. वानखडे साहेब खुर्चीवर. वहिनी चहा घेऊन आल्या. मी बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि काय सापडलं ते सांगितलं. शेवटी म्हणालो, "साहेब, गाडी जिन्याखाली उभी असते. टाकीला कुलूप नाही. कुणावर संशय आहे का?"

"संशय कशाला?" वहिनी म्हणाल्या. "मीच तर घालते."

वानखडे साहेब खुर्चीतून पुढे सरकले.

"रोज सकाळी, दूध तापवून झालं की अर्धा कप," त्यांनी चहाचा कप उचलून दाखवला. "डबा मीच पंपावरून आणवून घेतला. अतुलला नाही सांगितलं, तो हसला असता." मग तो परत खाली ठेवला. "त्या रविवारी तुम्ही लवकर निघून गेले, भाऊ. माझं घालायचं राहून गेलं. तेवढ्या एका दिवशी राहिलं, अन् पोरगं पडलं. तेव्हापासून मला झोप नाही."

हॉस्पिटलात त्यांनी मला काय विचारलं होतं आणि का, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. त्या माझ्यावर ठपका ठेवतच नव्हत्या.

"पण वहिनी, तेल घालायचं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच."

मी हातातला कप खाली ठेवला. "पाटवडी केली होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या, आणि मला आठवलं. पहिल्या रविवारी, चॉकलेटी प्लगच्या खुशीत, मी त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. वहिनींनी विचारलं होतं, या गाडीनं पोराला काही होणार तर नाही ना? मी घास चावत चावत म्हणालो होतो, "टू-स्ट्रोकचं एकच लक्षात ठेवायचं वहिनी. तेल कमी पडलं की इंजिन आवळतं, चाक जाम होतं आणि माणूस हँडलवरून जातो." मग रस्सा मागितला होता. जास्त झालं तर काय होतं, ते मी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. कशाला विचारतील?

मला खोटं बोलता आलं असतं. जेट लहान पडला, चूक माझी, असं म्हणून मोकळा झालो असतो, आणि ते निम्मं खरंही होतं. पण डबा घरात होता आणि अतुल परत गाडीवर बसणार होता. म्हणून मी सगळं सांगितलं. तेल वाढलं की पेट्रोल कसं घटतं, मी कसा फसलो, सगळं. सांगताना मी वहिनींकडे बघत नव्हतो, बाटल्यांकडे बघत होतो.

"म्हणजे माझं घालायचं राहून गेल्यानं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "घालत होते म्हणून."

"आई, जाने दो ना," अतुल म्हणाला. "मतलब, तुला काय माहीत होतं?"

त्यांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मग त्या दिवशी अर्धंच काहून सांगितलं, भाऊ?"

मी एका बाटलीचं बूच उगाच घट्ट केलं.

वानखडे साहेबांनी उठून टेबलाच्या खणातून कागद काढला आणि पेन माझ्यापुढे केलं. मी लिहिलं: जेट चुकीचा बसवला. प्लगवरची काजळी तेलाची आहे की पेट्रोलची, हे मिस्त्रीने तपासलं नाही. चूक मिस्त्रीची. खाली सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी वाचला. बायकोकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे एवढं पुरे. कागदाची घडी घालणार इतक्यात वहिनींनी हात पुढे केला. कागद उघडून वाचला, अगदी सहीपर्यंत.

"यात माझं नाही," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुमचं कशाला—"

"तेलाचं लिहा. रोज अर्धा कप, आईनं घातलं. तसंच लिहा."

"अगं, राहू दे," वानखडे साहेब म्हणाले.

"काहून राहू दे? कारण पाहिजे होतं ना तुम्हाला? मग पूर्ण पाहिजे." आणि मी पेन उचलत नाही असं पाहून त्यांनीच ते घेतलं. माझ्या सहीच्या खाली, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरांत त्यांनी एक ओळ लिहिली आणि सही केली. मग कप गोळा करून त्या स्वयंपाकघरात गेल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. आम्ही तिघं पुरुष तो ऐकत बसलो. उठून आत जायची एकाचीही हिंमत झाली नाही.

गाडी भंगारात गेली नाही. अतुलची ती शर्यत हुकली. हाड जुळलं, पण जोडावर एक उंचवटा राहिला. नवा पिस्टन, सिलेंडरला बोअर म्हणजे आतून नव्याने कातकाम, जेट पुन्हा एकशे चाळीस, आणि पुढच्या हिवाळ्यात तो सातवा आला. त्याला सातव्याचंही केवढं कौतुक.

धंद्यातला धडा दोन ओळींचा आहे. प्लग काळा दिसला तर आधी बोट लावा. आणि गिऱ्हाइकाच्या घरी कुणी इंजिनाबद्दल विचारलं, तर सगळं सांगा, नाहीतर तोंडात घास आहे म्हणून गप्प बसा. मी आता सगळं सांगतो. लोक कंटाळतात, घड्याळ बघतात, एक-दोघं तर उठून दुसऱ्या गॅरेजला गेले. जाऊ देत.